पत्रिकांचा कॉम्प्युटर

बाबांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला, त्याला आता आठ महिने झाले. बोलणंही अडखळतं, एकेक शब्द ओढून काढावा लागतो. पण खरं सांगते, हाताचं मला तेवढं वाटलं नाही. वाटलं ते त्यांच्या गप्प होण्याचं. आई त्याच्या आदल्या वर्षी गेली. तेव्हापासून गोडदेवच्या त्या दोन खोल्यांत हा माणूस खिडकीकडे तोंड करून बसायचा. झटक्यानंतर तर ताट समोर ठेवलं की मान फिरवायला लागला. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंनी एकदा मला जिन्यात गाठलं आणि म्हणाल्या, "काकांना बरं व्हायचंच नाहीये हो, ताई. त्यांच्या आवडीचं काहीतरी काम द्या त्यांना."

आवडीचं काम एकच. नाक्यावरच्या गाळ्यात बसून बाबांनी पंचवीस वर्षं पत्रिका केल्या. लग्नाच्या, बारशाच्या, वास्तुशांतीच्या, दहाव्या-तेराव्याच्या. आम्ही गिरगाव सोडून इथे आलो तेव्हा नातेवाईक हसले होते, मिठागरांच्या गावात पत्रिका कोण करून घेणार म्हणून. पण गावातली जुनी घरं बाबांना सोडून दुसऱ्या कुणाकडे गेली नाहीत. "काकांनी बगितलंय ना, मंग बरोबर हाय," असं म्हणून न वाचताच छापायला द्यायची.

आधी मी माझा लॅपटॉप नेऊन समोर ठेवला. बाबांनी डाव्या हाताने तो बाजूला सारला, पाहुण्याने नको असलेला चहा सारावा तसा. त्यांचे जुने फॉन्ट त्यात नव्हते. जुनी फाइल उघडली की नुसत्या किड्यामुंग्या दिसत. मग गाळा बंद केला तेव्हा माळ्यावर टाकलेला त्यांचा कॉम्प्युटर मी खाली काढला. काय वजन त्या मॉनिटरचं! कंबर धरली ती चार दिवस सुटली नाही.

नया नगरच्या रिपेअरवाल्याने फोटो बघूनच सांगितलं, "मॅडम, ये तो भंगार है. क्यूं टाइम वेस्ट करते हो?" माझं डोकंच सटकलं. म्हटलं, "भंगार है तो है. चलना चाहिए." तो हसला, पण माणूस चांगला निघाला. कॉम्प्युटरच्या आतल्या घड्याळासाठी नवा सेल दिला, आणि रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी कडा खोडरबरने घासा, हेही त्यानेच शिकवलं.

रविवारी सकाळी बेव्हर्ली पार्कच्या माझ्या घरून ब्रश, स्क्रूड्रायव्हर, खोडरबर असं सगळं घेऊन आले. बाबांच्या खुर्चीसमोरच जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि सीपीयूचं झाकण काढलं. आत धुळीची गादी. ती ब्रशने ओढायला लागले तर तिच्यातून तांदळाचे दाणे पडायला लागले. अक्षता! पंख्याच्या पात्यांवर हळद-कुंकू बसलेलं, कोपऱ्यात झेंडूच्या वाळक्या पाकळ्या. दर दसऱ्याला आई त्याची पूजा करायची, आणि हात एवढा सढळ की बाबा ओरडायचे, "अगं, आत जातंय सगळं! बिघडेल!" आई म्हणायची, "तुमच्यापेक्षा मी जास्त सांभाळते त्याला." मला तिथेच रडू कोसळलं. ब्रश हातात, नाक गळतंय, आणि समोर बाबा. त्यांनी डावा तळवा पुढे केला. मी त्यात चार दाणे ठेवले. त्यांनी मूठ मिटली आणि दुपारपर्यंत उघडली नाही.

पहिल्यांदा चालू केला तर नुसता पीं-पीं-पीं. पुन्हा उघडला, पुन्हा घासलं, पुन्हा पीं-पीं. "मर मेल्या," म्हणून मी त्याला एक चापटही मारली. चौथ्या खेपेला पट्टी दाबून बसवली, तेव्हा पंखा घरघरला आणि पडदा उजळला. बाबा खुर्चीतून अर्धे उठले. मी कीबोर्ड त्यांच्या मांडीवर ठेवला. डाव्या हाताची बोटं आधी नुसतीच त्यावर फिरली. मग एक अक्षर उमटलं. मग दुसरं.

त्यानंतरचे दहा-बारा दिवस मी हवेत होते. सकाळी अंघोळ झाली की बाबा कॉम्प्युटरपाशी. दुपारी भाकरी मागून घेतली एकदा, मागून! मी आमच्या बिल्डिंगमध्ये ज्याला त्याला सांगत सुटले, की बाबा कामाला लागले. काय टाइप करतात ते मात्र दाखवायचे नाहीत. मी जवळ गेले की "थां... थांब." म्हटलं असू दे, लहान मुलासारखं चाललंय, चालू दे.

काल त्यांनी मला हाक मारली. खुर्ची सरकवून जागा केली आणि म्हणाले, "वाच."

काळी चौकट. "कळविण्यास अत्यंत दुःख होते की, आमचे वडील..." आणि पुढे त्यांचं स्वतःचं नाव. तारखेची जागा मोकळी सोडलेली.

माझा तोल गेला. "ह्यासाठी चालू करून दिला का मी हा? ह्यासाठी कंबर मोडून घेतली? लाज नाही वाटत तुम्हाला, बाबा?" शेजारी दार उघडल्याचं ऐकू आलं, तरी माझं तोंड थांबेना. बाबांनी माझं बोलून होऊ दिलं. मग एकेक शब्द ओढत म्हणाले, "दुसरा कुणी... चुका... करेल."

मी वाचायला लागले. एका हाताने केलेलं, पण ओळी सरळ, समास नेटके. खाली शोक करणाऱ्यांची नावं. माझं होतं, माझ्या नवऱ्याचं होतं, नातीचं होतं. आणि आम्हा सगळ्यांच्या वर, पहिलं नाव, पत्नी म्हणून, आईचं.

कुणाचीही पत्रिका हातात घेतली की घरात कोण आहे, कोण गेलं, हे बाबा दोन-दोनदा विचारून घ्यायचे. इतक्या वर्षांत गेलेल्या माणसाला त्यांनी एकदाही हयातांच्या ओळीत बसवलं नव्हतं.

मी वळून पाहिलं. ते माझ्या तोंडाकडेच बघत होते.

"आहे... चूक?"

"नाही, बाबा," मी म्हटलं. "एकही नाही."