काका, मावशी की काकू?

गेल्या रविवारी वेस्ट विंडसरच्या आमच्या डायनिंग टेबलवर बसून मी कधीच मरून गेलेल्या एका शेतकऱ्याच्या गाईंची वाटणी वाचत होते…

आमच्या लायब्ररीचा एक प्रोजेक्ट आहे. काउंटी कोर्टाचे जुने कागद स्कॅन केलेत, ते व्हॉलंटियर्सनी घरबसल्या वाचून टाइप करायचे. कोण गेलं, शेत कोणी सांभाळलं, पोरक्या मुलांचा गार्डियन कोण झाला… दुसऱ्यांच्या घरातल्या भानगडी, त्याही अधिकृत!

"आणि आपलं विल?" हा नवऱ्याचा, मकरंदचा, ठरलेला टोमणा. ते एकाच प्रश्नावर अडलंय. आम्हा दोघांना काही झालं तर आमची मुलगी इरा कोणाकडे? तो म्हणतो नागपूरला त्याच्या भावाकडे, मी म्हणते पुण्याला माझ्या बहिणीकडे. मागे कोणीच हटत नाही.

तर त्या शेतकऱ्याला मुलगी होती, आमच्या इराएवढीच, चौदा वर्षांची. आई आधीच गेलेली. काकाने अर्ज केला होता, पण कोर्टाने मुलीलाच विचारलं, तुला कोण हवं? त्या वयाच्या मुलांना विचारायची तेव्हा पद्धतच होती म्हणे. तिने शेजारणीचं नाव सांगितलं आणि कोर्टाने ते मानलं.

आम्हाला हे सुचलंच नव्हतं. मी इराला हाक मारली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं.

"शीलाकाकू. ऑब्व्हियस्ली," फोनमधून डोकं न काढता ती म्हणाली.

शीला आमच्या शेजारी राहते. इरा लहानपणापासून शाळा सुटली की तिच्याकडेच असते.

"अगं, पण ती आपली नातेवाईक नाही," मकरंद म्हणाला.

"आय नो, बाबा. बट यू मेड मी कॉल हर काकू. आता चेंज नाही करायचं."

खरं सांगते, मला लागलं. माझी सख्खी बहीण सोडून शेजारीण? मग आठवलं, इरा मावशीला शेवटची भेटली तेव्हा तिला तिच्याशी काय बोलावं तेच कळत नव्हतं…

संध्याकाळी शीलाकडे गेलो. ती कणीक मळत होती. ऐकून आधी रडली, मग "हो" म्हणाली, मग असलं अभद्र बोलतो म्हणून आम्हालाच रागावली. जेवायला घालूनच सोडलं.

काल वकिलाने नातं विचारलं. मी "नेबर" म्हणणार, तेवढ्यात मकरंद म्हणाला, "आँट."

कागदावर अर्थात "फ्रेंड" लिहिलं गेलं. पुढे कधी कोणी व्हॉलंटियर ते टाइप करत बसलाच, तर त्याला म्हणावं… बाबा रे, काकू होती.