नाकोजींचा कोट

नाकावरून नाव पडावं असं काही त्यांचं नाक मोठं नव्हतं. चारचौघांसारखंच होतं, फार तर जरा डावीकडे झुकलेलं. पण तंबाखूच्या कारखान्यात सगळे त्यांना नाकोजी म्हणत आणि तेही खुशाल ‘ओ’ देत. कारखाना म्हणजे तरी काय? पुढे दुकान आणि मागे दोन लांबोडक्या खोल्या. एकीत पानं चिरायची, दुसरीत डबे भरायचे. या दोन खोल्यांच्या मधे काचेच्या दाराआड एक चिमुकली खोली होती, आणि त्या खोलीत नाकोजींचं टेबल. पाइपात भरायच्या तंबाखूचं कुठलंही मिश्रण या टेबलावरून पास झाल्याशिवाय डब्यात जात नसे.

दुकानाची खरी अब्रू म्हणजे काळा डबा. त्यातलं मिश्रण इंग्लिश पद्धतीचं. गोडसर पिवळं पान, आंबूस सुगंधी बारीक पान आणि लाकडाच्या धुरावर वाळवून काळंकुट्ट केलेलं पान, एवढंच. वरून मध नाही, व्हॅनिला नाही, चेरी नाही. चव काय ती पानांनीच द्यायची. चेरी घातलेला तंबाखू कुणी समोर धरला की नाकोजी विचारत, “हे ओढायचं की केसांना लावायचं?”

त्यांची परीक्षा बघण्यासारखी असे. खोली थंडगार, म्हणून अंगात जाड लोकरीचा कोट. आधी पांढऱ्या कागदावर चिमूटभर तंबाखू पसरायचा आणि बोटांनी दाबायचा. चुरा झाला तर कोरडा, गोळा झाला तर ओला. मग डोळे मिटून वास. मग पाइप भरायचा, खाली सैल, वर जरा दाबून. एकदा पेटवायचा, फुललेला तंबाखू हलकेच दाबायचा, पुन्हा पेटवायचा. त्यानंतर घाई नाही. गरम चहा प्यावा तसे बारीक बारीक झुरके. सुरुवातीला गोडवा येतो का, मधे काळं पान बाकीच्यांच्या डोक्यावर बसतं का, शेवटी जीभ चरचरते का, हे सगळं ते पाहत. पाइप विझला की राख हातावर उलटी करून तिचाही रंग बघायचा. घोटभर पाणी, पावाचा कोरडा तुकडा, की दुसरा नमुना. एवढं सगळं झाल्यावर मालक विचारत, “काय मग?” तर नाकोजी पाइप पुसत म्हणत, “उद्या सांगतो.”

हे ‘उद्या सांगतो’ गावभर प्रसिद्ध होतं. लोक म्हणत, माणूस बघा कसा, रात्रभर चव जिभेवर मुरवतो आणि मगच बोलतो! ज्यांना ते आवडत नसत तेसुद्धा, नाकानं कांदे सोलतो मेला, असं म्हणून वर ‘पण चूक करत नाही हो’ अशी पुस्ती जोडत.

खरी गोष्ट वेगळी होती आणि ती नाकोजींनी कुणाला कधी सांगितली नव्हती. निकाल ते देतच नसत. निकाल त्यांची बायको देत असे, आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

झालं होतं असं. नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांत एका मिश्रणावर त्यांचं काही केल्या मत बनेना. डोकं धरून घरी आले. बायकोनं दारातच कोट काढून घेतला आणि थेट गॅलरीतल्या दोरीवर टाकला. का कोण जाणे, दुसऱ्या दिवशी त्यांनी ते मिश्रण नापास केलं. थोरल्या मालकांनी ओढून पाहिलं आणि पाठ थोपटली, “शाबास, यात दम नव्हताच!” तेव्हापासून नाकोजींनी कोटावर नजर ठेवली. बायकोला तंबाखूचं वावडं, पाइपाला ती कधी बोटसुद्धा लावायची नाही, पण कोट मात्र रोज तिच्याच हातात, आणि त्यात मुरलेला वास तिच्या नाकात. तो गॅलरीत गेला तर मिश्रण नापास. स्वयंपाकघराच्या दारामागच्या खुंटीवर लागला तर थोडी दुरुस्ती हवी. आणि तिनं कपाट उघडून आपल्या कपड्यांशेजारी तो नीट हँगरला लावला, तर समजावं, फक्कड जमलंय. कपाटाचं दार करकरलं की नाकोजींना जेवण दुप्पट जायचं.

अशी वर्षानुवर्षं मजेत गेली. थोरले मालक गेले, दुकान त्यांच्या मुलीकडे आलं. मालकीणबाई हुशार, धडाडीच्या आणि नाकोजींना काका म्हणणाऱ्या. पण गोत्यात येण्याची वेळ त्यांच्याच राज्यात आली. काळं पान जिथून यायचं ते जुने व्यापारी धंदा बंद करून बसले. नव्या ठिकाणचं पान आलं, ते भलतंच तिखट. काळ्या डब्याची चव पार बिघडली.

मालकीणबाई म्हणाल्या, “काका, जुनी चव परत जुळली तर ठीक. नाही जुळली तर काळा डबा बंद करू आणि चेरीवालाच विकू. तो काय, तयार पिंपातून आणून डब्यात भरला की झालं.”

म्हणजे चिरायची खोली बंद, काचेची खोलीही बंद. नाकोजींची नोकरीही गेल्यात जमा. केसांना लावायच्या तंबाखूपुढे हार मानायची, या विचारानं तर त्यांना जास्तच राग आला.

पहिला नमुना ओढला, कोट गॅलरीत. दुसरा ओढला, कोट खुंटीवर. तिसरा मात्र चमत्कारिक निघाला. टेबलावर ओढताना नाकोजींना तो मुळीच पटला नव्हता. सुरुवात गोड, पण मधे काळं पान असं काही उसळलं की बाकीची दोन्ही पानं गप्पच झाली, आणि शेवटी जिभेचं टोक चरचरलं. पाय ओढत ते घरी आले. बायकोनं पदरानं डोळे पुसत कोट घेतला, आणि कपाटाचं दार करकरलं.

नाकोजी जागच्या जागी थिजले.

“काय झालं? बसा की,” बायको म्हणाली.

“काही नाही,” म्हणून ते बसले, पण ताटातला भात नुसता चिवडत राहिले. कपाट म्हणतं पास. जीभ म्हणते नापास. आजवर कपाट कधी चुकलं नव्हतं, आणि जिभेचा त्यांनी आजवर भरवसाच धरला नव्हता. आपणच म्हातारे झालो, तोंडाची चव गेली, असं स्वतःला बजावत ते रात्रभर कूस बदलत राहिले.

सकाळी मालकीणबाई काचेच्या दारातच उभ्या होत्या. “काका, पास ना?”

‘पास’ हा शब्द अगदी ओठांवर आला होता. सगळ्यांची सुटका झाली असती. पण जुन्या सवयीनं नाकोजींनी कागदावरची चिमूट उचलून नाकाशी नेली, आणि नाकानं साफ सांगितलं, हे ते नव्हे.

“नाही,” ते म्हणाले. आवाज इतका मोठा निघाला की त्यांचे तेच दचकले. “काळं पान कमी करा. बारीक पान वाढवा. आणि लगेच ओढायला देऊ नका, वजनाखाली दाबून मुरू द्या, म्हणजे त्याचा तिखटपणा उतरेल.”

मालकीणबाईंचा चेहरा पडला. “करते. पण काका, हा शेवटचा. याच्यापुढे मला नाही परवडत.”

दिवसभर नाकोजींचा जीव टांगणीला लागला होता. कपाटाच्या विरुद्ध जाण्याची ही पहिलीच वेळ, आणि नेमका डाव काळ्या डब्यावर लागलेला. संध्याकाळी घरी आले तर बायको शालीत गुंडाळून, डोळे लाल, हातात वाफेचं भांडं.

“अगं, हे काय?”

“परवापासून सर्दी धरलीये हो,” ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. “नाक चोंदलंय, कान बंद. गुलाब काय नि घासलेट काय, कशाचाच वास येत नाहीये.”

नाकोजींनी तिच्याकडे पाहिलं आणि ते मोठमोठ्यानं हसायला लागले. हसता हसता त्यांनी टोपी पलंगावर भिरकावली. “वास येत नाहीये! वा! वास येत नाहीये!”

“बायको आजारी नि हा आनंद?” ती म्हणाली.

मग सांगावंच लागलं. गॅलरी, खुंटी, कपाट, सगळं त्यांनी खाली मान घालून सांगून टाकलं. इतकी वर्षं आपण तिच्या नाकावर नाव कमावलं, हेही सांगितलं. ती डोळे मोठे करून ऐकत होती. ऐकता ऐकता तिला जी शिंक आली, ती धड शिंकही नव्हती आणि हसूही नव्हतं.

“अहो, मी कधी घेतला तुमच्या कोटाचा वास?”

“म्हणजे?”

“मला सगळा धूर सारखाच. एकदम घाण. मी तुमचे पाय ऐकायची. जिना धाडधाड चढत आलात की समजायचं, स्वारी खूश आहे. अडखळत आलात की काहीतरी राहिलंय. आणि पाय ओढत आलात की झालं, आज बिनसलं. त्यात दार उघडलं की तोंड दिसायचंच. मग तसा कोट ठेवायचा, बिनसलेल्या दिवशीचा तर घराबाहेरच.”

“आणि काल?”

“काल कानांत दडे बसले होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तुमचे पाय ऐकूच आले नाहीत, तोंडही धड दिसलं नाही. कोट हातात आला, कपाट जवळ होतं, टाकला आत.”

नाकोजींनी भिरकावलेली टोपी उचलून पुन्हा डोक्यावर ठेवली. म्हणजे आजवर जे काही ओळखलं ते त्यांनीच ओळखलं होतं. टेबलापासून जिन्यापर्यंत येता येता त्यांच्या पायांना ते कळायचं आणि फक्त डोक्याला कळायचं नाही. आधी त्यांना स्वतःचा राग आला, मग हसू आलं, मग एकदम तरुण झाल्यासारखं वाटलं. त्या रात्री त्यांनी बायकोसाठी स्वतः वाफेचं पाणी उकळलं आणि उकळताना अख्खं ओट्यावर सांडलं.

मुरलेला नमुना टेबलावर आला, त्या दिवशी मालकीणबाईंनी घड्याळजींनाही बोलावलं होतं. घड्याळजी म्हणजे समोरच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानाचे मालक. काळ्या डब्याचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक आणि तोंडानं फटकळ.

नाकोजींनी पाइप भरला, पेटवला, दाबला, पुन्हा पेटवला. पहिल्या झुरक्याला पिवळ्या पानाचा गोडवा आला. मग बारीक पानाची ती आंबूस झुळूक, आणि तिच्या मागून काळं पान, धुरकट, जाड, पण शहाण्यासारखं आपल्या जागी. कुणी कुणाच्या डोक्यावर बसलं नाही. नाकोजी वाट बघत राहिले, आता चरचरेल, मग चरचरेल. नाही चरचरलं. पाइप शेवटपर्यंत संथ जळला आणि हातावर भुरभुरीत करडी राख पडली. त्यांच्या पायांचे अंगठे बुटात नाचायला लागले होते, आणि या वेळी ते त्यांना स्वतःला कळलं.

मालकीणबाई उसासा टाकून उठल्या. “बरं काका, उद्या सांगा.”

“उद्या कशाला? पास!”

डबे भरणाऱ्या बाईच्या हातातलं झाकण खाली पडलं. घड्याळजींनी संशयानं नाकोजींकडे पाहिलं, आपला पाइप भरला आणि डोळे बारीक करून ओढायला लागले. मालकीणबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

“कुठे लपवून ठेवला होता रे हा जुना माल?” घड्याळजी म्हणाले.

मालकीणबाईंनी टाळीच वाजवली. चिरायच्या खोलीतून सगळे बाहेर आले, कुणी चहा सांगितला, आणि चेरीच्या पिंपाची चौकशी करायला मालकीणबाईंनी लिहिलेली चिठ्ठी घड्याळजींनी गुंडाळून पाइप पेटवायला काडी म्हणून वापरली.

नाकोजी जिना अक्षरशः पळत चढले. बेल वाजवायच्या आधीच दार उघडलं. बायको बरी झाली होती, कान तर अगदी टवटवीत होते. तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, हसत कोट घेतला आणि कपाटाकडे निघाली.

“थांब,” नाकोजी म्हणाले. “तुला धूर घाण वाटतो म्हणालीस ना? मग तुझ्या कपड्यांत का लावायचीस?”

“असू दे हो.”

“सांग तरी.”

“कपाट उघडलं की तुमचं तोंड असं काही उजळायचं,” ती दाराच्या मुठीशी चाळा करत म्हणाली. “का ते मला कधी कळलं नाही. पण मला ते बघायला आवडायचं. कपड्यांना वास लागायचा, चारचौघींत गेलं की बायका जरा सरकून बसायच्या. बसू देत. मी दोनदा धुवायची.”

ही बाई इतकी वर्षं धुराचे कपडे घालून लोकांत मिरवली, आणि आपण आपले नाक वर करून हिंडलो. नाकोजींनी तिच्या हातातून कोट काढून घेतला, गॅलरीत गेले, दोरीवर नीट पसरला आणि चिमटे लावले.

“अहो, पास झालंय ना?” तिनं घाबरून विचारलं.

“झालंय तर!” नाकोजी गॅलरीतूनच म्हणाले. “अगदी फक्कड झालंय. आता कपाटातले कपडे काढ सगळे, आपण दोघं मिळून धुऊ.”