आडवी होऊन परतलेली लहर

मानूसोसकडे पदवी नव्हती, आणि ही गोष्ट क्रीट बेटावरच्या हेराक्लिओ शहरातल्या आमच्या प्रयोगशाळेत फक्त त्याच्याच लक्षात असायची. बाप याकुमीस तांबट. डोंगरातल्या गावात राकी नावाची दारू गाळायच्या भट्ट्यांची भांडी घडवायचा. मुलगा एकतीस वर्षं आम्हाला पातळ पत्र्यांवर तांब्याच्या कड्या कोरून देत होता. कडी तांदळाच्या दाण्याएवढी, एका पत्र्यावर नऊशे. तिचा आकार नेमका जमला, की आदळलेली रेडिओलहर परतत नाही. आतच जिरते, तिची ऊब होते. आकार ठरवणारे पीएचडी करून डॉक्टर व्हायचे, लेखावर नाव लावायचे. कोरणाऱ्याचे तळटिपेत आभार. त्यातही नाव चुकलेलं.

निवृत्तीला चार महिने उरले तेव्हा त्यानं स्वतःचा आकार आणला. कडी तिरपी, एका कोपऱ्यात कापलेली.

“उस्ताद, ही कडी आहे की काकूंनी रागानं वाकवलेला चमचा?” मी विचारलं. मी तेव्हा तिथे पीएचडी करत होतो.

“सिफी, तू मोज. तोंड नंतर चालव.”

मोजायची रीत सोपी. एक भोंगा, म्हणजे कर्ण्यासारखा अँटेना, पत्र्यावर वर-खाली डोलणारी, ‘उभी’ लहर सोडतो, शेजारचा परतलेली लहर ऐकतो. पत्र्याची पाठ सलग तांब्याची, म्हणजे पलीकडे काही जात नाही. ऐकणाऱ्या भोंग्याला शंभरातला जेमतेम एक भाग ऐकू आला. बाकीचे नव्व्याण्णव जिरले, असा मी हिशेब केला. माझ्या गावच्या, तिंबाकीच्या शाळेत वजाबाकीत मी कधी नापास झालो नव्हतो.

आमच्या प्राध्यापक रुबिनीबाई धावत आल्या. “मानूसोस, या लेखावर पहिलं नाव तुझं.”

तो खूप वेळ हात धूत राहिला. मग हळूच म्हणाला, “नावामध्ये बापाच्या नावाचं पहिलं अक्षर घालता येईल?”

दुसऱ्या दिवशी तो पांढरा शर्ट घालून आला, बायकोनं केलेल्या चीजच्या करंज्या घेऊन. चार मी खाल्ल्या. लेख शुक्रवारी पाठवायचा होता.

शुक्रवारी सकाळी तो भोंग्यांपुढे उभा. याकुमीस म्हणे कुठलंही भांडं एका बाजूनं ठोकून गिऱ्हाइकाला द्यायचा नाही. फिरवून फिरवून चारी अंगांनी ऐकायचा.

“ऐकणारा भोंगा आडवा केला होतास?”

“कशाला? लहर उभी सोडली, उभीच परतणार.”

“कडी तिरपी आहे, पोरा.”

त्यानं चार स्क्रू सैल केले आणि भोंगा काटकोनात वळवला. पडद्यावरची रेघ उसळली. लहर जिरली नव्हतीच. पत्र्यानं तिला आडवी करून परत पाठवलं होतं, आणि उभा भोंगा आडव्या लहरीला बहिरा असतो. शंभरातले ऐंशी भाग आमच्या नाकासमोरून परत जात होते.

मी दार लोटून घेतलं. “उस्ताद, हे आपण दोघांनीच पाहिलंय. कितीतरी जण एवढंच मोजून छापतात. जाऊ दे ना!”

“आणि उद्या कुणी लहर जिरेल या भरवशानं हा पत्रा भिंतीला लावला तर?”

“तोवर तुम्ही घरी ऑलिव्ह झोडत असाल.”

तो हसला नाही. “त्यावर याकुमीसचं अक्षर आहे,” म्हणाला, आणि बाईंकडे स्वतःच गेला. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “अजून चार महिने आहेत, मानूसोस.”

चार महिन्यांत त्यानं अकरा आकार कोरले. प्रत्येक वेळी भोंगा आधी आडवा लावायचा. एकही आकार लहर जिरवेना. शेवटच्या दिवशी त्यानं भोंग्याच्या स्क्रूंचा पाना माझ्या हातात दिला आणि तांब्याची पूड झाडून टेबल पुसलं. पांढरा शर्ट त्यानं पुन्हा घातला नव्हता.

दोन वर्षांनी माझा लेख आला. मोजणीच्या परिच्छेदात लिहिलंय: भोंगा उभा आणि आडवा, दोन्ही तऱ्हांनी. तळटिपेत त्याचे आभार आहेत. छापायला देण्याआधी ते नाव मी तीनदा तपासलं, मधल्या अक्षरासकट.