तेलाच्या डब्यातला अ‍ॅम्प्लिफायर

माझ्या साडूच्या गाडीत मागच्या सीटमागे एक काळी पेटी आहे. तिच्यावर चंदेरी अक्षरांत ‘५००० वॅट’ असं लिहिलेलं आहे. पाहुणा आला की साडू डिकी उघडून ती देवघर दाखवावं तशी दाखवतो, फक्त चपला काढायला सांगत नाही. मी शाळेत विज्ञान शिकवतो. बारा व्होल्टच्या बॅटरीतून पाच हजार वॅट ओढले तर आधी वायरी वितळतील आणि मग साडू, हे मी त्याला एकदा कागदावर मांडून दाखवलं. त्याने कागदाकडे पाहिलंही नाही.

“साडूभाऊ, कागद ऱ्हाऊ द्या. छाती हालस का नही ते सांगा.”

छाती हलते. पण छाती तर डांबरी रस्त्यावरचा रोलर गेला तरी हलते. शहाद्यात मात्र यालाच गाणं म्हणतात. पपईचे पैसे हातात आले की आधी गाडी, मग गाडीत बुफर, म्हणजे वूफर. मग बाजारपेठेतून खिडक्या खाली करून एक फेरी. आत कुठलं गाणं लावलंय ते कुणालाच कळत नाही, बसलेल्यालाही नाही. धुणं आपटल्यासारखा एकच धप् धप् आवाज, आणि आतला माणूस मात्र जग जिंकल्यासारखा बसलेला. उथळ पाण्याला खळखळाट फार, दुसरं काय!

मी ठरवलं, आपल्या गाडीसाठी अ‍ॅम्प्लिफायर आपण स्वतः बनवायचा. छोटा, स्वच्छ, बासरीतला श्वाससुद्धा ऐकू येईल असा. साडूला धडा शिकवायचा, असं मी बायकोला सांगितलं. ते खोटं होतं. साडूची माझ्या लेखी तेवढीही किंमत नाही. तो मला बनवायचा होता आबांसाठी.

आबा म्हणजे माझे वडील. ब्राह्मणपुरीत त्यांची पिठाची चक्की होती आणि तिला लागूनच मिरची कुटायचं डंकन. उभा जन्म त्यांनी त्या दोन यंत्रांच्या मध्ये काढला. मी शाळेत असताना पहिला रेडिओ जोडला आणि धावत चक्कीत नेऊन त्यांच्यासमोर वाजवला. त्यांनी रेडिओकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा दादर ज्वारीच्या पिठात हात घातला. पुढे मी घरातला पंखा दुरुस्त केला, मोटरचं स्टार्टर बसवलं, नोकरी लागल्याचं सांगायला गेलो. दर वेळी तसंच. एक नजर, आणि पाठ. दुनियेला तुच्छ लेखायचं मी त्यांच्याकडूनच शिकलो, असं मी अभिमानाने सांगत असे. पण एकदा, फक्त एकदा, त्यांनी माझ्या हातच्या वस्तूला ‘चांगलं शे’ म्हणावं, एवढं मला हवं होतं. पोरं झाली, केस पिकले, तरी हवं होतं.

सामान नंदुरबारच्या भंगारातून आणलं. जुन्या टीव्हीतले भाग, कुठल्याशा मशीनचा अ‍ॅल्युमिनियमचा पंखेदार तुकडा, उष्णता बाहेर टाकायला. डब्यासाठी पत्र्याचं काम करणाऱ्या चाचांकडे गेलो. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बादल्या नि कोठ्या बनवतंय. मी मापं दिली तर ते हसायलाच लागले.

“इत्ता छोटा डब्बा? सर, इसमें से आवाज कायका आएगा? चिडिया बोलेगी!”

माझ्या वाट्याला येणारे सगळे असेच. त्यांनी गोडेतेलाचा रिकामा डबा कापून, कडा दुमडून, मस्त पेटी करून दिली. आत डोकावलं तर पत्र्यावर शेंगदाण्याचं चित्र तसंच होतं.

जोडणी झाली आणि इंजिन चालू केल्याबरोबर स्पीकरमधून कुईंऽऽ असा आवाज. गाडी पळवली की तोही वर चढायचा, सोडली की उतरायचा. गाडीची वीज गाण्यात शिरत होती. साडूने तो ऐकला आणि हसून म्हणाला, “पिपाणी बनाडी का?” मी सगळ्या वायरींचं अर्थिंग एकाच बोल्टला आणून बांधलं आणि ती कुईं गेली. मग एक छोटा कपॅसिटर टाकून खालचे धपधपणारे सूर दारातल्या लहान स्पीकरपर्यंत पोचणारच नाहीत, अशी सोय केली. माझ्या गाडीत छाती हलणार नव्हती. बासरी लावली तर बोटं छिद्रावरून उचलल्याचं कळत होतं. मी गाडीत एकटाच बसलो होतो आणि मला खरोखर भरून आलं.

रविवारी ब्राह्मणपुरीहून आबांना घेतलं. पुढच्या सीटवर बसवलं, काचा वर केल्या, बासरी लावली. आबा कापसाच्या शेतांकडे बघत राहिले. शहादा आलं तरी एक शब्द नाही. शेवटी मीच विचारलं, “आबा, कसं वाटस?”

ते वळले. “गाडी चांगली चालस,” म्हणाले. मग टेपच्या पेटलेल्या दिव्याकडे बोट करून, “यान्हा दिवा बळी ऱ्हायना. बिघडेल शे का?”

मला असं झालं की डबा उपटून गोमाई नदीत फेकून द्यावा. इतका अपमान साडूलाही जमला नसता. पुढे कित्येक दिवस मी गाडीत काही लावलंच नाही.

मग भाचीचा साखरपुडा आला. माझी गाडी गॅरेजला होती, म्हणून साडूच्या गाडीतून जायची वेळ आली. आबा पुढे, मी मागे, त्या पाच हजार वॅटना पाठ टेकून. गाडी हलली आणि धप् धप् सुरू झालं. माझे दात वाजायला लागले. आणि पुढे आबांनी हात उचलून दाराला तळवा लावला, मान हळूहळू हलवायला लागले. ते हसत होते. माझ्या आठवणीत ते असे कधी हसले नव्हते.

“याले म्हंतस गानं!” ते जोरात म्हणाले.

साडूने आरशातून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं वर्णन मी करणार नाही. गाढवाला गुळाची चव काय, असं मी मनात म्हटलं. हो, स्वतःच्या बापाला म्हटलं. साडूला फोन आला, त्याने गाणं बंद केलं. मी मागून हाक मारली, “आबा.” ते बाहेर बघत होते. पुन्हा, जरा मोठ्याने, “आबा!” त्यांचा तळवा दारावरच होता. दार आता थरथरत नाही, म्हणून ते दाराकडे बघायला लागले होते.

मला ते तिथे कळलं. चक्कीत कुणी कधी बोलतच नसे. पट्टा फिरत असताना बोलून उपयोगच नव्हता. बाया दळण ठेवायच्या आणि हाताने सांगायच्या. अंगठा बोटावर घासला की बारीक, मूठ उघडली की जाडं, दोन बोटं म्हणजे कळण्याचं, उडीद घातलेलं. डंकनापाशी तर तोंडाला फडकीच, ओठसुद्धा दिसायचे नाहीत. आबा सगळ्यांना बरोबर पीठ द्यायचे. माणूस बहिरा होत चाललाय हे अख्ख्या गावाला कळलं नाही, कारण गावाने त्यांना तोंडाने कधी काही सांगितलंच नव्हतं. तोंडाने सांगायला जाणारा मी एकटा.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. “माले कधयनं माहीत शे,” म्हणाली.

“मग सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही कोनं आयकतस?”

कानाचं मशीन आणलं. आबांनी ते लावलं, काढलं आणि कपाटात ठेवून दिलं. भांड्यांच्या खणखणाटाशिवाय त्यातून काही ऐकू येत नाही म्हणे. मग मी पुन्हा चाचांकडे गेलो, मोठा डबा करून घेतला. चाचा पुन्हा हसले, यावेळी समाधानाने. त्या मोठ्या डब्यात मी खालच्या सुरांसाठी वेगळा अ‍ॅम्प्लिफायर जोडला. डिकीत बुफर बसवला, मी, ज्याने उभ्या शहाद्याला बुफरवरून नावं ठेवली. काम करताना मला स्वतःची किळस आली, हे स्पष्ट सांगतो. तो आवाज मला आजही आवडत नाही. ते गाणं नव्हेच.

आबांना बसवलं. ढोलकी लावली, बटण फिरवत नेलं, तशी गाडी थरथरायला लागली. आबांनी तळवा दाराला लावला. त्यांची बोटं ठेका धरायला लागली आणि ते माझ्याकडे वळले.

“आते वाजी ऱ्हायनं! चांगलं शे. भलतं चांगलं शे!”

मी आयुष्यभर थांबलो होतो तो शब्द हाच.

“कोठून लई उना रे?” त्यांनी विचारलं.

“मी बनाडं, आबा!” मी ओरडलो. “मी! घरमा!”

त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं, मान डोलावली.

“हां. मानूस कारागीर शे,” म्हणाले. “आते त्यान्हाकडेच जात जाय. तू घरमा काही खोलत नको बसू.”