आदी कान बघा, मालक

मदरबोर्डचं नवं खोकं हातात आलं की तो डाव्या हाताचा तळवा त्यावरच्या चित्रावर ठेवायचा. चित्र कधी गरुडाचं असे, कधी आग ओकणाऱ्या नागाचं. ते सगळं झाकलं जाईल एवढा त्याचा पंजा. मग खोकं आडवं करून कडेची बारीक अक्षरं वाचायचा आणि म्हणायचा, “आदी कान बघा, मालक. लोकर काय, कुनीबी धुऊन देतंय.”

तो सांगोल्याकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. त्यांच्याकडे कळपाची खूण मेंढराच्या कानावर असते. कुठे चीर, कुठे टोक कापलेलं. बाजारात कुणी मेंढरू कितीही धुऊन-पुसून आणलं तरी त्याचे वडील आधी कान हातात घेत. त्यांचा हा मुलगा सोलापुरात, नवी पेठेतल्या माझ्या दुकानात, चौदा वर्षं कॉम्प्युटर जोडत बसला. समजावून सांगायची सवय, म्हणून सगळी गल्ली त्याला मास्तर म्हणे.

मदरबोर्ड म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातली मोठी पाटी. बाकी सगळं तिच्यावर बसतं. तिची नावं तुम्ही कधी वाचलीत? अक्षर, आकडा, परत अक्षर, मग प्रो, प्लस, गेमिंग, मॅक्स. भल्याभल्या व्यापाऱ्यांना मी घाम फोडलेला माणूस, पण ती नावं वाचताना मलाच घाम फुटायचा. मास्तर मात्र स्क्रू पिळता पिळता सांगायचा.

“पैलं अक्षर म्हंजी घर. एच गरिबाचं, बी मदल्याचं, झेड पाटलाचं. म्होरला आकडा म्हंजी पिढी. मागं एम आला की अंगानं बारकं. त्याच्याबी मागं जे शेपूट आसतंय ते कंपनीनं बांदलेलं गोंडं.”

“आणि गेमिंग?”

“त्ये गोंड्यातलं घुंगरू.”

रिकामी खोकी तो टाकू द्यायचा नाही. माळ्यावर घराण्याप्रमाणे, पिढीप्रमाणे रचून ठेवायचा. झाडताना मी एखादं इकडचं तिकडे केलं की दिवसभर मान वर करून बघायचा, शेवटी स्टूल घेऊन चढायचा. “पिढी मोडू नगा की,” एवढंच बोलायचा.

दुपारी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. भाकरी मोडली की अर्धी न विचारता माझ्या बाजूला सरकवायची. माझा डबा असला तरी.

मी तापट आहे, हे नवी पेठेत कुणालाही विचारा. एस.टी. स्टँडसमोर हातगाडीवर चार्जर विकत वर आलो. गोड बोलून त्या गाडीवर काही विकलं जात नव्हतं. मी ओरडायला लागलो की मास्तर धूळ उडवायचा ब्लोअर सुरू करायचा. त्या घरघरीत माझं तोंड नुसतं हलताना दिसे. मग ब्लोअर बंद करून विचारायचा, “झालं का? च्या सांगू?”

तर एके वर्षी पुण्याच्या एका व्यापाऱ्याकडून मी मदरबोर्डांचा एक गठ्ठा उचलला. दोन तास भांडून भाव पाडला. सगळ्यांवर चमकतं चित्र आणि मोठं नाव, गेमिंग प्रो. जिंकून आल्यासारखा मी परत आलो.

त्याच आठवड्यात माढ्याचे एक एस.टी. ड्रायव्हर मुलीला घेऊन आले. मुलगी घरांचे नकाशे काढायचं शिकत होती. मी गठ्ठ्यातलं खोकं पुढे केलं. “हे न्या. सगळ्यात वरचं.”

मास्तर उठला. चित्रावर तळवा ठेवला. “दादा, ह्यो एचच्या घरचा हाय. रॅमला दोनच जागा. पोरीचं काम वाडलं की ह्याला दम पुरायचा न्हाय. बीचा न्या.”

ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं. मुलीनेही पाहिलं. मग त्यांनी बीचा नेला.

ते जिना उतरतात न उतरतात तोच मी सुटलो. “माझं मीठ खाऊन माझंच नाक कापतोस? दुकान तुझ्या बापाचं आहे का?”

त्या दिवशी त्याने ब्लोअर लावला नाही. सगळं ऐकून घेतलं. स्क्रूड्रायव्हर पुसून पिशवीत ठेवले आणि म्हणाला, “बापानं लई मेंढरं इकली, मालक. पर कान झाकून न्हाय इकली.”

आणि गेला.

माझं आजही म्हणणं आहे की गिऱ्हाइकासमोर त्याने तसं बोलायला नको होतं. मला बाजूला घेऊन सांगायचं होतं. हे मी गल्लीत शंभर जणांना सांगितलं आहे. एक गोष्ट मात्र कुणाला सांगितली नाही. गठ्ठा आला त्याच दिवशी त्याने मला बाजूला घेतलं होतं. “ह्ये एच म्हणूनच इका,” म्हणाला होता. मी हसलो होतो.

तीन वर्षं झाली. तो सांगोल्याच्या पलीकडे मेंढरं राखतो असं कळलं. नंबर माझ्याकडे आहे. लावतो, आणि वाजायच्या आत कापतो. घासाघिशीत जो आधी बोलतो तो हरतो, यावर मी आयुष्य काढलं. आता वाटतं, तो घासाघीस करतच नव्हता.

परवा तेच ड्रायव्हर आले. पोरीचं मशीन झकास चालतंय म्हणाले. आता पोरासाठी हवं होतं. बसता बसता त्यांनी विचारलं, “मास्तर कुटं हायत?”

“गावाला गेलेत. येतील.”

“मग ते आल्यावर येतो की,” ते म्हणाले, आणि पाणी पिऊन गेले.

नव्या पिढीचं एक खोकं काउंटरवर पडलं होतं. कंपनीने आकड्यांची चाल पुन्हा बदलली आहे. माळ्यावरच्या रांगेत ते कुठे बसतं, मला कळत नाही. दुकानात कुणी नव्हतं. मी डाव्या हाताचा तळवा चित्रावर ठेवला. माझा पंजा पुरला नाही. बोटांच्या बाहेर नागाचं शेपूट तसंच दिसत राहिलं.