चौथ्या घरापर्यंत तार

श्रावण हेडाऊ टीव्ही दुरुस्त करायचा, पण त्याला कुणी मेकॅनिक म्हटलेलं त्याच्या आईला चालत नसे. रुखमाबाईंच्या लेखी काम म्हणजे माग चालवणं. नवरा गेला, हातमाग बंद पडला आणि मागाच्या खड्ड्यावर फळ्या टाकून पोराने दुकान मांडलं, तेव्हापासून त्या शेजारणींना सांगत, "श्रावण्या घरीच राह्यते, डबे खोलते." अकरा वर्षं तो डबे खोलत होता आणि घर त्यावरच चालत होतं. तांडापेठेत कुणाच्या टीव्हीत मुंग्या आल्या की हातातला घास ठेवून तो निघायचा. आईच्या बोलण्यावर हसायचा. ते हसू वरवरचं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

मी त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या शाळेत गणित शिकवायची. जरीपटक्याहून सायकलने यायची, वेळेवर यायची, आणि वेळ न पाळणाऱ्यांचा मला राग यायचा. अजूनही येतो. अठ्ठ्याऐंशी साली शाळेला एक कॉम्प्युटर मिळाला, तोही दुसऱ्या शाळेने वापरून झालेला. त्याचा पडदा वीतभर आणि आठवीत मुलं अठ्ठेचाळीस. पुढच्या सहांना अक्षरं दिसत, बाकीच्यांना त्या सहांची डोकी. थंडीत पत्र आलं की तपासणीला साहेब येतील आणि सगळ्या वर्गाला एकाच वेळी पडदा दिसत नसेल, तर यंत्र लहान वर्गाच्या शाळेला जाईल. माझा जीव त्या यंत्रात अडकला होता. त्यांच्या गल्लीतल्या मुलींनी कॉम्प्युटरला हात लावलेला मी पाहिला होता, आता तो काढून नेलेला मला बघवला नसता.

मी श्रावणला बोलावलं. त्याने यंत्र फिरवून मागून पाहिलं. एक तार त्याच्या स्वतःच्या पडद्याला जात होती आणि टीव्ही जोडायला वेगळं भोक होतं. तो म्हणाला, "बाई, एका टीव्हीले जाते तर चारले काहून नाही जाणार?" तार फोडायची, मध्ये अँटेनाचा बूस्टर बसवायचा, गल्लीतून चार टीव्ही आणायचे, एकेकासमोर बारा मुलं. लोकही हो म्हणाले, कारण प्रत्येकाचा टीव्ही कधी ना कधी त्यानेच जिवंत केला होता.

माशी शिंकली ती माझ्यामुळे. मुख्याध्यापक गोपाळरावांनी तपासणीसाठी तारीख विचारली आणि मी रविवार सकाळ सांगून मोकळी झाले. माझ्या घरी टीव्ही नव्हता आणि मला त्याचा गर्व होता. रविवारी सकाळी मालिका असते आणि तेव्हा नागपुरात कुत्रंदेखील रस्त्यावर नसतं, हे मला कुठून ठाऊक असणार? तारीख पक्की झाल्याचं पत्र वाचून श्रावण मटकन बाकावर बसला. म्हणाला, "बाई, रविवारी सकाळी लोक घर देतील, टीव्ही नाही देणार."

तारीख बदलेना. साहेबांना दुपारच्या बसने उमरेडला जायचं होतं. फार तर साडेदहाची वेळ मिळाली, म्हणजे मालिका संपल्यावर अर्ध्या तासाची. तेवढ्यात चार जड पेट्या उचलून आणून जोडणं शक्य नव्हतं. दोन दिवस मी सगळ्यांवर चिडून घेतलं, स्वतःवर सोडून. तिसऱ्या दिवशी श्रावण आला आणि म्हणाला, "टीव्ही शाळेत नाही येत ना? मग शाळा टीव्हीपाशी नेऊ."

त्यांच्या गल्लीत पूर्वी पांजण चालायचं. उभं सूत गल्लीभर ताणून, काठ्यांच्या जोड्यांवर उचलून धरून, त्याला खळ लावायची. त्या काठ्या रुखमाबाईंच्या माळ्यावर धूळ खात होत्या. श्रावणने त्या काढल्या आणि शाळेच्या खिडकीपासून चौथ्या घरापर्यंत त्यांवरून तार नेली. चौथं घर त्याचंच. रुखमाबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. आपल्या काठ्यांवर डब्याची तार चढली म्हणून कुरकुरल्या, पण काठी वाकडी दिसली की ती त्यांनीच सरळ केली.

रविवारी मालिका संपली, घरोघरी टीव्हीची बटणं फिरली आणि मुलं चार घरांत जाऊन बसली. साहेबांना ते खरं वाटेना. आधीच भरून ठेवलेली कॅसेट असेल म्हणाले, आणि पहिल्या घरात स्वतःच हिशेब घातला, चारशे सत्याऐंशी गुणिले छत्तीस. मी शाळेत यंत्रापाशी बसले होते, एक मुलगी तो घेऊन धावत माझ्याकडे आली. मी आकडे दाबले आणि सतरा हजार पाचशे बत्तीस हे उत्तर तीन घरांत एकदम उमटलं. चौथ्यात नुसत्या मुंग्या.

"म्हणजे बारा मुलांना दिसत नाही," असं म्हणून साहेबांनी पेन काढलं. मी यंत्र सोडून गल्लीत आले. श्रावणने बूस्टर उघडला होता. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "गेलं बाई." इतका वाईट चेहरा मी त्याचा कधी पाहिला नव्हता.

रुखमाबाई ओट्यावरून उठल्या. दारापाशी तार दोन बोटांत धरली आणि डोळे अर्धवट मिटून शाळेच्या दिशेने चालत निघाल्या. ताण्यात तुटलेला धागा त्या अशाच शोधायच्या, असं मागाहून शेजारणीने मला सांगितलं. तिसऱ्या घरापुढे थांबल्या.

"श्रावण्या, सूत इथं तुटलं आहे, पाह्य."

काळ्या पट्टीखालचा सांधा सुटला होता. कुणाचा तरी पाय काठीत अडकला असावा. श्रावणने तारा पिळून जोडल्या आणि चौथ्या घरात बारा पोरांनी एकच गलका केला. साहेब आत जाऊन आकडा वाचून आले, पोरं मोजून आले, कागदावर "सर्व अठ्ठेचाळीस" लिहिलं आणि कॉम्प्युटर इथेच राहील असं मला सांगितलं. मला रडू आलं, ते मी रागावल्यासारखं दाखवून लपवलं.

साहेब हात मिळवायला श्रावणकडे निघाले. तो उकिडवा बसून सांध्यावर पट्टी गुंडाळत होता. रुखमाबाईंनी हात आडवा धरला.

"थांबा जरा, साहेब. पोरगा काम करून राहिला माहा."

साहेब थांबले. पट्टी केव्हाच पक्की बसली होती, तरी श्रावण खाली मान घालून ती गुंडाळतच राहिला.