नकाशातली सरळ रेघ

आमचे हे पाणीखात्यात फिटर. पाइप गळत असला की लोखंडी कांब जमिनीला टेकवायची, वरचं टोक कानाला लावायचं आणि सांगायचं, इथे खणा. घरात मात्र मी तीनदा हाक मारली तरी ऐकू जात नाही. असो.

यंदा खात्यात नव्या इंजिनिअर बाई आल्या, वयाने लेकीसारख्या. त्यांनी व्हॉल्व्हवर सेन्सर बसवले. गळतीचा आवाज कुठल्या सेन्सरपाशी किती आधी पोचला, त्यावरून कॉम्प्युटर जागा सांगतो. ह्यांच्या जोडीदारांच्या पोटात दुखायला लागलं. यंत्र कधी तोंडावर आपटतंय याचीच सगळे वाट बघत होते.

ती वेळ आमच्याच कोपऱ्यावर आली. कॉम्प्युटरने गळती दाखवली न्हाव्याच्या दुकानात, बरोबर खुर्चीखाली. बिचाऱ्याने गेल्याच महिन्यात नवी फरशी घातलेली. तो रडवेला होऊन दारात आडवा उभा राहिला. मीही हातातलं काम टाकून गेले. असा तमाशा कोण सोडतं?

ह्यांनी कांब टेकवली. आवाज शून्य. जोडीदार खुश, झाली यंत्राची फजिती! ह्यांनी नुसती मान हलवली असती तरी फरशी वाचली असती, आणि निवृत्तीला दोन महिने उरलेल्या माणसाचा भाव वाढला असता. पण ह्यांचा चेहरा पडला. मी ओळखलं, पाणी कुठेतरी मुरतंय.

"बाई, यंत्र बरोबर आहे," हे म्हणाले. "नकाशा चुकलाय. तो मी काढलाय."

तीस वर्षांपूर्वी इथे खडक लागला, म्हणून पाइप वळसा घालून रस्त्याकडेने नेला होता. नकाशात तो वळसा काढायचा, तेवढ्यात आमची थोरली झाल्याचा निरोप आला. ह्यांनी पट्टी ठेवून सरळ रेघ मारली आणि दवाखान्याकडे धूम ठोकली. चारचौघांत हे ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि खरं सांगते, ऊरही भरून आला. तेव्हा उशिरा आलात म्हणून मी आजवर ह्यांना ऐकवत होते.

बाईंनी वळशाची लांबी घातली, खूण रस्त्यावर सरकली. तिथे खणलं तर हातभर खाली पाण्याची धार. न्हाव्याने ह्यांना मिठीच मारली. बाई मात्र नकाशांची गुंडाळी उलगडून बसल्या आणि विचारायला लागल्या, अशा सरळ रेघा अजून किती आहेत?

ह्यांनी डोकं खाजवत माझ्याकडे पाहिलं.

"दोन," हे म्हणाले. "आम्हाला तीन मुलं आहेत."